नकाशावरील रेषा आणि गिरगावातील बिऱ्हाडे

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले म्हणजे संपादक मंडळाकडून ‘गुरुजी, यंदा काही ऐतिहासिक लिहा’ असा प्रेमळ आग्रह होतो. आजवर या पृष्ठांतून कुलदैवते, ज्ञातीतील दानशूर पुरुष, विद्यार्थ्यांसाठी झालेली कार्ये इत्यादी विषय अधिकारी लेखकांनी हाताळले आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म फळ्यासमोर गेलेला. तेव्हा त्यांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही यंदा आम्ही एक निराळा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुंबईतील जमीन कोणत्या कामी लावावयाची हे कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने ठरविले, याचा हा संक्षिप्त वृत्तान्त आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या दारी आज चाळीच्या पुनर्विकासाचे संमतिपत्र सहीसाठी येऊन पडले आहे, आणि त्या कागदाची पाळेमुळे या इतिहासात आहेत. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरून हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

१. वाड्यांची नावे

गिरगावातील वाड्यांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहावी. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट! ही नावे म्हणजे एक प्रकारचा जमीन-दप्तराचा उतारा होय. जेथे आज चार मजली चाळी दाटीने उभ्या आहेत, तेथे एके काळी नारळी-पोफळीच्या बागा, मळे आणि शेते होती. बाग गेली, चाळ आली; नाव मात्र मागे राहिले.

खोताचीवाडीचे उदाहरण घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्यांतून लाकडी सज्जांची, बाहेरून जिना असलेली ती टुमदार घरे उभी राहिली. या व्यवहारात सरकारचा हात फारसा नव्हता. मालक, कुळे आणि शेजारी यांच्या आपसांतील समजुतीने वस्ती वाढत गेली. त्या काळी जमिनीचा उपयोग ठरविणारी शक्ती मुख्यतः खासगी होती. पुढे ती शक्ती टप्प्याटप्प्याने सरकारी कचेरीतील नकाशाकडे गेली.

२. तोफांसाठी राखलेले मैदान

सरकारने जमिनीचा उपयोग ठरविल्याचे मुंबईतील ठळक उदाहरण म्हणजे किल्ल्याबाहेरील मैदान होय. किल्ल्यावरील तोफांना समोर अडथळा असू नये म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी राखण्यात आली होती. इ.स. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्यात मोठी आग लागली आणि दाट वस्तीची पुष्कळ घरे भस्मसात झाली. त्यानंतर मैदान अधिक वाढविण्यात आले आणि हिंदी लोकांची वस्ती त्याच्या उत्तरेस वाढू लागली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या भागांच्या भरभराटीस ही घटना पुष्कळ अंशी कारण झाली.

पुढे इ.स. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले. त्यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची एक रांगच उभी राहिली. उच्च न्यायालयाची इमारत आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ही दोन्ही बांधकामे इ.स. १८७८ मध्ये पूर्ण झाली. मैदानाचा पुष्कळसा भाग मात्र मोकळाच राहिला. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही आजची मैदाने त्याच एका विस्तीर्ण मैदानाचे तुकडे आहेत. विसाव्या शतकात ओव्हलच्या पश्चिमेस समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर नव्या धाटणीची गोलाकार कोपऱ्यांची घरे झाली. मैदानाच्या एका अंगास गॉथिक शिल्प आणि दुसऱ्या अंगास ही घरे, असा ९४ इमारतींचा समुच्चय इ.स. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केला.

तोफांची गरज केव्हाच सरली, परंतु त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर आज आपली मुले क्रिकेट खेळतात. जमिनीविषयीचा निर्णय घेणारे लोक जातात आणि त्यांचा हेतूही विसरला जातो. नकाशावर ओढलेली रेषा मात्र शे-दोनशे वर्षे टिकते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथन याच सूत्रात ओवलेले आहे.

३. प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

इ.स. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहरावर काळाची छाया पसरली. माणसे मेली, त्याहून अधिक गावी पळाली. इ.स. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांपर्यंत खाली आली. रोगाचे मूळ दाट, अंधाऱ्या, कोंदट वस्तीत आहे असे सरकारचे मत पडले आणि इ.स. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

या ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांपैकी होत. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा, अशी त्यामागील कल्पना होती. कल्पना चांगली होती. परंतु रस्त्याच्या रेषेत ज्यांच्या खोल्या आल्या, त्यांचे पुढे काय हा प्रश्न पुष्कळ काळ मागेच राहिला. आरंभीच्या वर्षांत पाडापाडी अधिक आणि नवी घरे कमी, अशी ट्रस्टवर टीका झाली व ती रास्त होती. घर गमावलेला मनुष्य शेजारच्या आळीत दाटीवाटीने राहू लागला आणि जी दाटी मोडावयाची तीच पलीकडे सरकली.

याच ट्रस्टने दादर-माटुंगा भागात मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती वसविल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याची फळे. रस्ते, झाडे, बागा आणि घराभोवती सोडावयाची जागा हे सारे आधी कागदावर ठरले आणि मग घरे उठली. गिरगावातील गॅलरीत वाढलेली कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबे पुढे तिकडे गेली.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. इ.स. १९१५ मध्ये सारस्वत समाजातील राव बहादूर तालमकी आणि त्यांचे सहकारी यांनी गावदेवी येथे सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. मुंबईतील सहकारी घरबांधणीचा तो आरंभ होता. कायदा नवा, कल्पना नवी आणि सभासद बहुतेक नोकरदार. परंतु कोणती जमीन मिळण्याजोगी आहे आणि कोणता कायदा आपल्या उपयोगी पडेल, हे त्यांनी वेळेवर जाणले. त्याच इ.स. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा पहिला कायदाही झाला. ज्ञातीच्या संघटनेचा उपयोग स्नेहसंमेलने आणि वधू-वर मेळावे यांपलीकडेही होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. भाडे गोठले, आकाश मोजले

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट इ.स. १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर दोन निरनिराळ्या कायद्यांनी गिरगावचे भवितव्य घडविले. पहिला इ.स. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. त्याने भाडी सामान्यतः १९४० च्या पातळीस गोठविली. महागाईच्या काळात गरीब व मध्यम स्थितीतील भाडेकरूंस या कायद्याने संरक्षण दिले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु भाडे गोठले तसे मालकाचे मनही गोठले. काही रुपयांच्या भाड्यात छप्पर शाकारावे कसे, असे म्हणून त्याने दुरुस्ती सोडली. तुळया कुजल्या, गॅलऱ्यांना टेकू लागले, आणि दर पावसाळ्यात कोठे ना कोठे इमारत कोसळू लागली. अखेर इ.स. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला व घरपट्टीबरोबर उपकर घेऊन दुरुस्तीचा भार आपल्या शिरावर घेतला. अशा उपकरप्राप्त, लोकांच्या भाषेत ‘सेस’च्या, इमारतींची संख्या त्या वेळी १९,६४२ होती, त्यांतील १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या.

दुसरा कायदा इ.स. १९५४ चा. त्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे महापालिकेस बंधनकारक केले. पुढे इ.स. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा झाला आणि आजही तोच लागू आहे. मुंबईचा पहिला विकास आराखडा आणि त्यासोबतची नियमावली १९६७ मध्ये मंजूर झाली. कोणता भाग राहण्यासाठी, कोणता कारखान्यांसाठी, कोठे शाळा, कोठे दवाखाना, कोठे क्रीडांगण, हे सर्व रंगांनी आणि रेषांनी दाखविले गेले. एखाद्या जागेवर शाळेचे आरक्षण पडले म्हणजे मालकास तेथे मनास येईल तसे बांधता येईना. परंतु आरक्षण म्हणजे प्रत्यक्ष शाळा नव्हे. जमीन ताब्यात घेण्यास महापालिकेपाशी द्रव्य हवे, आणि दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर मालकाने नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेण्याची वाट कायद्यातच आहे. अशा रीतीने नकाशावरील कित्येक क्रीडांगणे नकाशावरच राहिली.

याच काळात ‘चटईक्षेत्र निर्देशांक’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एफएसआय, मुंबईत आला. आमच्या विद्यार्थ्यांस सांगत असू तसे हे सोपे गणित आहे. भूखंड १००० चौरस फूट आणि निर्देशांक १.३३ असेल तर सर्व मजले मिळून १३३० चौरस फूट बांधकाम करता येते. इ.स. १९९१ च्या नियमावलीत बेट-शहरासाठी हाच १.३३ आकडा ठरला. उपनगरांत तो सामान्यतः १ होता. जमीन वाढत नाही, म्हणून आकाश मोजून विकण्याची ही युक्ती निघाली. तेव्हापासून मुंबईतील श्रीमंती-गरिबीचा निवाडा पुष्कळ अंशी या एका आकड्याने होऊ लागला.

गिरगावच्या चाळी तर या आकड्याच्या किती तरी पुढे आधीच बांधलेल्या होत्या. तशी चाळ पाडून १.३३ ने पुन्हा बांधावयाची म्हटली तर जुने भाडेकरूच तीत मावेनात. म्हणून त्याच नियमावलीत ३३(७) हे कलम घालण्यात आले. भाडेकरूंनी व मालकाने एकत्र येऊन उपकरप्राप्त इमारत नव्याने बांधली तर वाढीव निर्देशांक मिळेल, तो पुढे २.५ आणि नंतर ३. किंवा जुन्या भाडेकरूंस द्यावयाचे क्षेत्र आणि त्यावर काही प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते, अशी ही तरतूद आहे. जुन्या रहिवाशास विनामूल्य घर आणि उरलेल्या मजल्यांची विक्री बांधकाम करणाऱ्याची, असा हा सौदा. आपल्या दारी आलेले संमतिपत्र बहुधा याच कलमाचे अपत्य असते.

५. गिरण्यांच्या जमिनीचा धडा

नियमातील एका शब्दाने किती उलथापालथ होते हे पाहावयाचे असेल तर गिरणगावाकडे वळावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली.

इ.स. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या कलमाने या जमिनीचा विनियोग ठरविला. गिरणीची जमीन विकावयाची तर स्थूलमानाने एक तृतीयांश महापालिकेस उद्याने व मैदाने यांसाठी, एक तृतीयांश म्हाडास सामान्य जनतेच्या घरांसाठी आणि उरलेला हिस्सा मालकास, अशी ती वाटणी होती. इ.स. १९९६ मध्ये स्थापत्यविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा असे सुचविले. परंतु इ.स. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता मुख्यतः ‘मोकळ्या’ जमिनीची झाली. ज्या जमिनीवर गिरणीच्या शेड उभ्या होत्या, ती शेड पाडल्यानंतरही मोकळी धरली जाईना.

पुन्हा गणित करू. समजा, एका गिरणीची जमीन १५ एकर. पैकी १२ एकरांवर इमारती आणि ३ एकर मोकळे. जुन्या नियमाने महापालिकेस सुमारे ५ एकर व म्हाडास सुमारे ५ एकर मिळाले असते. नव्या नियमाने दोघांसही सुमारे एकेक एकरच. दुरुस्ती काही ओळींची होती. परंतु तिने शहराची कित्येक मैदाने आणि कामगारांची हजारो घरे गिळली. याविरुद्ध एका पर्यावरणविषयक नागरिक संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय तिच्या बाजूने दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. पुढे गिरणी कामगारांसाठी इ.स. २०१२ पासून सोडतीने घरे देण्यात येऊ लागली. परंतु अर्ज लाखाहून अधिक आणि घरे त्या मानाने थोडी, अशी स्थिती झाली.

वर्तमानपत्रांत संपाच्या बातम्या पहिल्या पृष्ठावर होत्या. नियमातील दुरुस्तीची सूचना आतल्या पृष्ठावर, बारीक अक्षरांत होती. आम्ही संपाच्या बातम्या आवडीने वाचणाऱ्या कितीतरी सुशिक्षित गृहस्थांस ओळखतो. ती दुसरी सूचना वाचलेला एकही गृहस्थ आम्हांस भेटला नाही.

६. वारसा : मान आणि ओझे

आता वारसा इमारतींकडे येऊ. अमेरिकेत न्यू यॉर्क शहरी पेन स्टेशन नावाचे भव्य रेल्वे स्थानक इ.स. १९६३ मध्ये पाडावयास घेतले, तेव्हा लोक हळहळले आणि इ.स. १९६५ मध्ये तेथे ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याच शहरातील ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच मनोरा बांधू द्यावा म्हणून मालक कंपनी न्यायालयात गेली, इ.स. १९७८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले. वास्तू जपल्याने मालकाचे जे बांधकाम हुकते, त्याचा हक्क त्याने दुसऱ्या भूखंडावर वापरावा, ही तोड त्या प्रकरणात महत्त्वाची ठरली. मुंबईत इ.स. १९९१ मध्ये ‘हस्तांतरणीय विकास हक्क’, म्हणजे टीडीआर, आला तो याच जातीचा. वारसा वास्तूंच्या मालकांसही पुढे त्याची सोय झाली.

मुंबईत श्याम चैनानी आदी नागरिकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने खटपट केल्यावर एप्रिल १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. भारतातील कोणत्याही शहरासाठीची अशी ही पहिली नियमावली होय. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर तीन श्रेणींत घालण्यात आले. प्रथम श्रेणीच्या वास्तूस अत्यावश्यक कारणावाचून हात लावावयाचा नाही. द्वितीय श्रेणीत आतून बेताने बदल चालतील. तृतीय श्रेणीत त्याहून अधिक मोकळीक, असा क्रम आहे. सल्ला देण्यासाठी एक वारसा संवर्धन समितीही नेमण्यात आली. खोताचीवाडीस याच सुमारास वारसा परिसर म्हणून मान मिळाला.

परंतु त्या वाडीत पूर्वी साठाहून अधिक जुनी घरे होती, ती आज निम्म्याहूनही कमी उरली आहेत. मान मिळाला, पण कौले बदलण्यास पैसा मिळाला नाही, आणि इ.स. १९९९ च्या एका दुरुस्तीने तृतीय श्रेणीतील व परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास वारसा समितीच्या बंधनातून बरीच सूट मिळाली. इ.स. २०१२ मध्ये नऊशेहून अधिक नव्या नोंदींची यादी प्रसिद्ध झाली. तीत शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्याचे भाग होते. तेव्हा हरकती घेणारे पुष्कळसे लोक तेथील रहिवासीच होते. ‘आमची घरे जुनी झाली, उद्वाहक नाही, म्हातारी माणसे जिने चढू शकत नाहीत, तुमच्या वारशासाठी आम्ही का अडकून पडावे?’ असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सकाळी गॅलरीच्या टोकास सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभी राहणारी गृहिणी आणि तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या वाहणारी आजी यांना चाळीचे कौतुक ऐकविणे सोपे नाही. इ.स. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारातील एक जुनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. मोडकळीस आलेल्या तुळईखाली निजणाऱ्यास सौंदर्याचे प्रवचन नको असते.

त्याचबरोबर दुसरी बाजूही खरी आहे. केशवजी नाईकांच्या चाळीत इ.स. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तो गॅलऱ्या आणि मधले अंगण यांच्यामुळे शक्य झाला. बंद दारांच्या मनोऱ्यात तो सुरू झाला असता की नाही याची शंकाच आहे. चाळीची रचना माणसास माणसाजवळ आणते. इ.स. २००१ ते २०११ या दशकात बेट-शहराची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांपर्यंत उतरली. डोंबिवली, बोरिवली, विरार येथे जी कुटुंबे गेली त्यांत आपलीही होती. आम्ही शिकवीत होतो त्या गिरगावातील मराठी शाळेचे वर्ग वर्षावर्षाने रिकामे होताना आम्ही पाहिले. आता इ.स. २०२५ पासून गिरगावास भुयारी मेट्रोचे स्थानकही लाभले आहे. जमिनीचा भाव त्यामुळे वाढेलच. प्रश्न इतकाच की, त्या भावाच्या गिरगावात आपली बिऱ्हाडे राहतील किंवा कसे.

७. आपण काय करावे

तात्पर्य, ‘सर्व जुने राखा’ म्हणणारे आणि ‘सर्व पाडून टाका’ म्हणणारे, या दोघांच्याही हाती निर्णय नाही. निर्णय आधी कागदावर होतो, आणि तो होण्यापूर्वी कायद्याने नागरिकास बोलण्याची एक संधी दिलेली असते. आराखडा किंवा नियमातील बदल राजपत्रात व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो. हरकती व सूचना यांस ठरावीक मुदत असते. आराखड्याच्या बाबतीत नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मग सरकारची मंजुरी. ही संधी पोकळ नाही, याचा पुरावा ताजाच आहे. इ.स. २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले आणि वारसा वास्तू गाळलेल्या दिसल्या. नागरिकांनी हजारोंच्या संख्येने हरकती पाठविल्या आणि सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. सुधारलेला आराखडा इ.स. २०१८ मध्ये मंजूर झाला आणि तो २०३४ पर्यंत लागू आहे. ज्या रेषा त्या वेळी पुसल्या गेल्या, त्या साध्या टपालाने गेलेल्या पत्रांनी पुसल्या.

समाजाने एकत्र येऊन काय करता येते हेही भेंडीबाजारातच पाहावे. तेथे दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने इ.स. २००९ पासून साडेसोळा एकरांतील सुमारे २५० इमारती आणि ३,२०० कुटुंबे यांचा एकत्रित पुनर्विकास हाती घेतला. वर सांगितलेली कोसळलेली इमारत त्याच योजनेतील होती, हे दुःखद सत्यही येथे नोंदविले पाहिजे. विलंबाची किंमत माणसांच्या प्राणांनी द्यावी लागते. तरीही रहिवाशांना त्याच जागी, एकमेकांच्या शेजारात पुन्हा वसविण्याचा हा प्रयत्न अभ्यासण्याजोगा आहे.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. प्रथम, आपल्या इमारतीचा भूखंड क्रमांक घेऊन विकास आराखड्यात त्यावर कोणते आरक्षण किंवा रस्तारुंदीची रेषा आहे ते पाहावे. दुसरे, म्हाडाने प्रमाणित केलेल्या भाडेकरूंच्या यादीत आपले नाव, वडिलांच्या पश्चात वारसाचे नाव आणि खोलीचे क्षेत्र बिनचूक आहे की नाही याची खात्री करावी. तिसरे, नव्या घराचे चटईक्षेत्र, मधल्या काळातील भाडे, पूर्णत्वाची मुदत आणि मुदत टळल्यास काय, या गोष्टी नोंदणीकृत करारात आल्यावाचून कोणाच्याही गोड बोलण्यावर भिस्त ठेवू नये. संक्रमण शिबिरात ‘दोन वर्षांसाठी’ गेलेल्या किती तरी कुटुंबांची पुढची पिढी तेथेच मोठी झाली आहे. चौथे, उंच इमारतीत गेल्यावर उद्वाहक, पंप आणि पहारा यांचा मासिक खर्च किती येईल व तो निवृत्तिवेतनात कसा बसेल, याचा हिशेब आधी करावा. घर मिळाले पण खर्च झेपेना म्हणून ते विकावे लागले, तर मिळूनही गेल्यासारखेच.

पूर्वी ३३(७) खालील पुनर्विकासास ७० टक्के रहिवाशांची संमती लागत असे. सध्याच्या नियमावलीत ती ५१ टक्क्यांवर आली आहे. म्हणजे शंभर बिऱ्हाडांच्या चाळीत एकोणपन्नास बिऱ्हाडांचे न ऐकताही काम पुढे जाऊ शकते. अशा वेळी एकट्या-दुकट्याने कुरकुर करून उपयोग नाही. चाळीतील सर्व रहिवाशांनी, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, आधी एकत्र बसून आपले म्हणणे ठरवावे. शेजारच्या दोन-तीन चाळी मिळाल्या तर अधिक चांगले. अंगणास जागा राहील, प्रकाश व वारा मिळेल आणि बोलण्यास वजन येईल.

आपल्या संस्थेपुढेही आमचा एक नम्र प्रस्ताव आहे. ज्ञातीत अभियंते आहेत, वकील आहेत, सरकारी सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांतून पाच-सात जणांची एक गृहसमिती नेमावी. तिने गिरगाव व आसपासच्या भागांत राहणाऱ्या सभासद-कुटुंबांची व त्यांच्या इमारतींची सूची करावी, राजपत्रातील सूचनांवर लक्ष ठेवावे आणि मुदतीच्या आत मराठीतून हरकत कशी लिहावी याचा नमुना घरोघर पोहोचवावा. यास फार खर्च नाही. एक कपाट, काही नकाशे आणि महिन्यातून एक रविवार इतके पुरे आहे.

गावदेवीस इ.स. १९१५ मध्ये जे लोक एकत्र बसले, त्यांच्यापाशी याहून अधिक काही होते असे नाही. आपल्या पूर्वजांनी बागांच्या जागी बिऱ्हाडे थाटली आणि बिऱ्हाडांतून ज्ञाती उभी केली. पुढील रेषा ओढली जाईल तेव्हा आपण तेथे हजर असावे, आणि ती कोठून जात आहे हे आपणांस वाचता यावे, एवढीच या वृद्ध शिक्षकाची इच्छा आहे. श्रीगजानन सर्वांस सद्बुद्धी आणि एकोपा देवो.